पर्णरंध्र आणि पाटाचे पाणी



पिकाला पाणी किती द्यावे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. शेतकरी तो मातीला विचारतो. मूठभर माती हातात दाबून वाफसा आहे की नाही ते पाहतो. पाटबंधारे खाते तोच प्रश्न धरणाच्या साठ्याला विचारते, आणि हवामानशास्त्र तो उन्हाला व वाऱ्याला विचारते. परंतु मुळांनी उचललेल्या पाण्यापैकी फारच थोडे झाडाच्या अंगी राहते, बाकीचे सारे पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. मग जे पान हे पाणी प्रत्यक्ष खर्च करते, त्या पानालाच हा प्रश्न सर्वांत शेवटी का विचारला जावा? पान हा खर्च कशासाठी करते, आणि त्या खर्चाच्या मोबदल्यात त्याला काय मिळते?

बागायती द्राक्षवेलीच्या पानात हवेची जी देवघेव चालते, तिचे गणिती प्रतिमान, म्हणजे ती देवघेव समीकरणांत बांधून पुढचा अंदाज देणारी मांडणी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पालघर हा काही द्राक्षांचा जिल्हा नव्हे. येथील दमट हवा आणि पावसाळ्यातला धुवाधार पाऊस डाऊनीसारख्या रोगांच्या सोयीचा, वेलीच्या सोयीचा नाही. तरीही हा विषय येथे मांडणे आवश्यक वाटते. जव्हार-मोखाड्याचा घाट चढून त्र्यंबकेश्वरमार्गे गेले की नाशिकचे द्राक्षक्षेत्र लागते आणि तेथे पाण्याचा थेंब न् थेंब मोजून दिला जातो. घाटाखाली सूर्या नदीच्या पाण्यावर शेती, उद्योग आणि महानगरे असे तिघेही हक्क सांगत आहेत. घाटावर द्राक्षाच्या पानाला जे प्रश्न विचारले जातात, ते घाटाखाली चिकूच्या आणि भाताच्या पानाला विचारण्याची वेळ आलेली आहे.

प्रथम पानाकडे वळू. द्राक्षाच्या पानाच्या खालच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. पानाला साखर बनवण्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि तो याच दारातून आत येतो. पण पानाच्या आतील पेशींच्या भिंती ओल्या असतात, आतली हवा वाफेने जवळजवळ भरलेली असते, आणि बाहेरची हवा मात्र कोरडी असते. दार उघडले की कार्बन आत येतो त्याच वेळी पाणी बाहेर जाते. एक घ्यायचे आणि दुसरे द्यायचे नाही, अशी सोय निसर्गाने पानाला दिलेली नाही.

हा व्यवहार बरोबरीचाही नाही. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग इतकेच आहे, तर पानाच्या आत वाफेचे प्रमाण त्याच्या कित्येक पट असते. शिवाय वाफेचा रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा हलका असल्यामुळे त्याच रंध्रातून तो सुमारे १.६ पट सहज निसटतो. म्हणून कार्बनचा एक रेणू मिळवण्यासाठी पानाला पाण्याचे शेकडो रेणू सोडावे लागतात. पिकाला पाणी लागते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याचा खरा अर्थ हा असतो.

आता प्रश्न असा, की कार्बन आत आल्यावर पान त्यातला किती वापरू शकते? या प्रश्नाचे उत्तर देणारे प्रतिमान १९८० साली ग्रॅहॅम फर्क्वार, सुझॅन फॉन कॅमेरर आणि जोसेफ बेरी यांनी प्रसिद्ध केले, आणि आज जगातील अनेक पीकप्रतिमाने आणि हवामानप्रतिमानांतला वनस्पतींचा हिशेब त्याच पायावर उभा आहे. त्याचे सूत्र विलक्षण साधे आहे. पानात कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, करते. आणि त्या विकराला ज्या रेणूवर कार्बन चढवायचा तो रेणू पुन्हा पुन्हा तयार करून देण्याचे काम सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर चालते. लग्नघरात पुऱ्या लाटणाऱ्या बायका आणि कढईवर तळणारा आचारी, यांच्यात जो संथ असेल त्याच्या गतीनेच ताटात पुऱ्या पडतात, तसेच येथे घडते. कार्बन अपुरा असेल तर रुबिस्कोची गती आडवी येते, प्रकाश अपुरा असेल तर पुनर्निर्मितीची गती आडवी येते. दोहोंपैकी जी कमी ती घ्यायची आणि तिच्यातून पानाच्या श्वसनात खर्च झालेला कार्बन वजा करायचा. पुढे १९८५ मध्ये टॉमस शार्की यांनी तिसरी मर्यादाही दाखवून दिली: तयार झालेली साखर पुढे उचललीच गेली नाही, तर त्यामुळेही काम अडते.

हे समीकरण पानाच्या आतल्या कारखान्याचे झाले. पण दार किती उघडायचे, हे कोण ठरवते? दाराच्या उघडेपणाला पर्णरंध्र-वाहकता म्हणतात. १९८७ साली टिमथी बॉल, इयन वुड्रो आणि जोसेफ बेरी यांनी असे सुचवले, की ही वाहकता प्रकाशसंश्लेषणाच्या वेगाबरोबर आणि पानालगतच्या हवेतील आर्द्रतेबरोबर वाढते. १९९५ मध्ये रे ल्युनिंग यांनी आर्द्रतेच्या जागी बाष्पदाबाची तूट आणली. ही तूट म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते आणि प्रत्यक्षात जितकी धरून आहे, त्यांतला फरक. साध्या भाषेत हवेची तहान. २०११ मध्ये बेलिंडा मेडलिन आणि सहकाऱ्यांनी हे अनुभवजन्य समीकरण त्याहून जुन्या एका विचाराशी जोडले: पान शक्य तितका कार्बन मिळवताना शक्य तितके कमी पाणी घालवते. आधी जे केवळ मोजमापांना जुळणारे होते, त्याला येथे कारण मिळाले.

एक अडचण मात्र लगेच उभी राहते. कार्बन किती पकडला जाईल हे पानाच्या आत तो किती आहे यावर ठरते. आत किती आहे हे दार किती उघडे आहे यावर ठरते. आणि दार किती उघडावे हे पुन्हा कार्बन किती पकडला जातो यावर ठरते. यात पानाचे तापमानही गुंतलेले असते, कारण पाणी उडाले की पान थंड होते, थंड झाले की विकरांचा वेग बदलतो. ही समीकरणे एकामागून एक सोडवता येत नाहीत, तर अंदाज धरून, तपासून, सुधारून, पुन्हा धरून ती सारी एकत्र जुळवावी लागतात. हाताने हे काम कंटाळवाणे आहे, संगणक ते क्षणात करतो.

या सगळ्याचा बागाईतदाराला उपयोग काय? एक उदाहरण करून पाहण्यासारखे आहे. समजा, घाटावरच्या एप्रिलमधील दुपारी तापमान ३५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के आहे. तर बाष्पदाबाची तूट सुमारे ४.२ किलोपास्कल येते. समजा, त्याच वेळी किनाऱ्यावर खारे वारे सुटले आहेत, तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के आहे. तर तूट सुमारे १.३ किलोपास्कल येते. म्हणजे घाटावरच्या हवेची तहान किनाऱ्याच्या तिपटीहून अधिक झाली. मग पाण्याचा खर्चही तिपटीने वाढेल काय? मेडलिन यांच्या समीकरणात रुंद पानांच्या झाडांना साधारण जुळणारा गुणांक ४ धरून आकडे घातले, तर किनाऱ्यावर कार्बनच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २२० रेणू जातात आणि घाटावर सुमारे ४७०. खर्च दुपटीच्या थोडा पुढे जाऊन थांबतो, कारण कोरडी हवा लागताच पान दार आवळून घेते. केवळ हवामानावरून पाणी ठरवणारा हिशेब हे आवळणे सरसकट एका गुणांकात बसवतो. पानाचे प्रतिमान ते तासागणिक दाखवते.

द्राक्षवेलीबाबत याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की दार अधिक उघडल्याने मिळणारा कार्बन एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही, पाणी मात्र त्याच प्रमाणात जात राहते. स्पेनच्या बालेआरिक बेटांवरील संशोधकांनी अनेक प्रयोगांतली मोजमापे एकत्र करून दाखवले आहे, की वाहकता दर चौरस मीटर दर सेकंदाला ०.१५ मोलच्या खाली जाईपर्यंत वेलीचे नुकसान मुख्यतः दार मिटल्यामुळे असते, पाणी मिळताच ते भरून निघते, आणि ०.०५ च्या खाली गेल्यावर मात्र पानाच्या आतले यंत्रच बिघडू लागते, तेथून ते सहजी सावरत नाही. यांपैकी पहिल्या आकड्याच्या वरचा पट्टा हीच बागाईतदाराची खरी बचतीची जागा आहे. तेथे थोडे पाणी तोडले तर साखर थोडीच घटते. पण तो पट्टा कधी संपतो, हे डोळ्यांना दिसत नाही. पान मलूल दिसू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रातला बागाईतदार हे तत्त्व समीकरणाशिवायही वापरत आला आहे, याचा आदराने उल्लेख केला पाहिजे. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. येथे हिवाळा तसा नसल्यामुळे वेल झोपतच नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या तयार करायच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून माल धरायचा, अशी दोन छाटण्यांची पद्धत येथे रुजली. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होत असते. त्या काळात बागाईतदार हेतुपुरस्सर पाणी कमी करतो, कारण पाणी अधिक झाले तर शेंडा पळतो, पानांची दाटी होते आणि डोळे वांझ राहतात. मालाच्या हंगामात मणी फुगताना तोच बागाईतदार ताण बसू देत नाही. मण्यांत पाणी उतरले, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागली, की त्याचे धोरण पुन्हा बदलते. वर्षभरात एकाच वेलीशी इतक्या वेगवेगळ्या रीतींनी वागणारी शेती जगात फार थोड्या ठिकाणी आढळेल.

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या परंपरेला मोजमापाचा आधार दिला. उघड्या पात्रातून रोज किती मिलिमीटर पाण्याची वाफ झाली ते पाहायचे आणि वेलीच्या अवस्थेनुसार त्याचा ठरावीक हिस्सा ठिबकने द्यायचा, हे सूत्र आज बागांतून सर्रास वापरले जाते. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, हे लक्षात घेतले तर त्या हिश्श्यातल्या लहानशा फरकाचेही मोल कळते.

मग पानाचे प्रतिमान आणखी काय देणार? ते असे, की पात्रातल्या पाण्याला पाने नसतात. पात्र झडप आवळत नाही, म्हातारे होत नाही, सावलीत जात नाही. मांडवावरच्या वेलीत मात्र वरचे पान लख्ख उन्हात असते आणि त्याच्या थेट सावलीतल्या पानाला त्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. कोवळे पान कमवण्याऐवजी खाते, पूर्ण वाढलेले पान भरपूर कमावते आणि जून पान हळूहळू मागे पडते. जर्मनीतील गायझेनहाइम येथील हान्स शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये फर्क्वार यांचे प्रतिमान द्राक्षवेलीसाठी वाढवताना हाच भेद, म्हणजे पानाचे वय, वेलीची अवस्था आणि पानाने भोगलेला प्रकाश, समीकरणात आणला. त्याच वर्षी त्यांनी दुसरेही दाखवले: ग्रेनाश जातीची वेल पाणी कमी पडताच रंध्रे मिटून घेते, तर सिराह जातीची वेल बराच काळ ती उघडी ठेवून धोका पत्करते. एकाच जातिकुळातल्या दोन वेलींचे वागणे इतके निराळे असेल, तर एका वेलीचे गुणांक दुसरीला लावावेत काय?

येथेच या व्याख्यानाचा मुख्य आग्रह आहे. समीकरणे सर्वत्र सारखी आहेत. त्यांतले गुणांक मात्र प्रत्येक ठिकाणचे, प्रत्येक जातीचे, प्रत्येक खुंटाचे, म्हणजे ज्या मुळावर वेलीचे कलम भरतात त्याचे, वेगळे असतात आणि ते मोजूनच मिळतात. प्रसिद्ध झालेले बरेचसे गुणांक जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातले, दारूच्या द्राक्षांचे, बहुतांशी वर्षातून एकदा छाटलेल्या वेलींचे आहेत. आपल्याकडची वेल थॉमसन सीडलेस किंवा तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, तीही डॉगरीजसारख्या क्षार व ताण सोसणाऱ्या खुंटावर भरलेली, वर्षातून दोनदा छाटलेली आणि मे महिन्यातल्या उन्हात वाढणारी. परदेशी गुणांक घेऊन या वेलीचे भाकीत करणे म्हणजे प्रतिमान वापरणे नव्हे, उसने उत्तर वापरणे होय.

मोजणी कशी होते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. अवरक्त किरणांच्या शोषणावरून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ मोजणारे उपकरण सकाळी दव सुकल्यावर वेलीखाली आणले जाते. पूर्ण वाढलेले, न फाटलेले, फवारणीचे डाग नसलेले पान निवडून त्याचा सहा चौरस सेंटिमीटरच्या आसपासचा भाग एका लहान पेटीत चिमट्यासारखा धरला जातो, आणि लाल-निळ्या दिव्याचा प्रकाश त्यावर सोडला जातो. प्रथम आकडे हलत राहतात, मग हळूहळू स्थिरावतात. नंतर पेटीतला कार्बन डायऑक्साइड ४०० वरून ३००, २००, १०० असा उतरवत न्यायचा, पुन्हा ४०० वर आणून पान सावरले की नाही ते पाहायचे, आणि मग हजाराच्या पुढपर्यंत चढवायचा. एका पानाच्या एका वक्ररेषेला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तोवर ऊन चढलेले असते आणि दुपारी रंध्रे मिटू लागली की ते काम थांबवावे लागते. या वक्ररेषेच्या सुरुवातीच्या चढावरून रुबिस्कोची क्षमता कळते आणि वरच्या सपाटीवरून प्रकाशयंत्रणेची. काम कष्टाचे आहे, उपकरण महाग आहे. पण एकदा हे गुणांक हाती आले की ते अनेक वर्षे, अनेक हंगामांच्या हवामानावर चालवून पाहता येतात.

श्रोतेहो, आता घाट उतरून पुन्हा पालघरला यावे. या जिल्ह्यात पानाच्या रंध्रांचा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेलेला आहे, हे कित्येकांच्या ध्यानात आले नसेल. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राबाबत जे वाद झाले, त्यांत चिकूच्या वाड्यांची काळजी अग्रभागी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. चिमणीतून निघणाऱ्या धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि ती यंत्रणा २००७ मध्ये उभी राहिली. वाडीवाल्यांची ती चिंता शास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त होती. सल्फर डायऑक्साइड पानात शिरतो तो त्याच रंध्रातून, ज्यातून कार्बन डायऑक्साइड शिरतो. आत जाऊन तो पेशीभिंतींवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि हरितद्रव्याला इजा करतो. हवा दमट असेल, झाडाला पाणी भरपूर असेल, तर रंध्रे अधिक उघडी राहतात आणि विषारी वायूही अधिक आत जातो. म्हणजे जे हवामान पाण्याच्या हिशेबात किनाऱ्याला स्वस्त पडते, तेच धुराच्या हिशेबात महाग पडते. बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांलगत ज्यांच्या वाड्या आणि भाजीचे मळे आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न सूर्येच्या पाण्याचा. धामणी धरण आणि कवडास बंधारा यांतून निघालेल्या कालव्यांवर पालघर, डहाणू आणि विक्रमगड तालुक्यांत उन्हाळी भात, भाजीपाला आणि बागा उभ्या राहिल्या. त्याच नदीतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना आखली गेली. शहरांना पाणी नको, असे कोणी म्हणणार नाही. पण वाटपाच्या चर्चेत शहराची गरज माणशी लिटरमध्ये नेमकी सांगितली जाते, कारखान्याची गरज मीटरवर दिसते, आणि शेतीची गरज मात्र ढोबळ राहते. जो आपली गरज नेमकी सांगू शकत नाही, त्याचा हिस्सा प्रथम कापला जातो. चिकूचे पान जाड, चकचकीत आणि बारमाही. झाडावर फूल, हिरवे फळ आणि काढणीचे फळ एकाच वेळी असते. त्याला मे महिन्यात खाऱ्या वाऱ्यांत पाणी किती लागते? दहा-वीस टक्के पाणी तोडले तर फळ किती घटते? डिसेंबरातला ताण अधिक जाचतो की एप्रिलमधला? भाताच्या खाचरात उभ्या पाण्यातले किती पानावाटे जाते, किती नुसते पृष्ठभागावरून उडते आणि किती जमिनीत मुरते?

ही उत्तरे नाशिकच्या द्राक्षावरून काढता येणार नाहीत, जशी नाशिकच्या द्राक्षाची उत्तरे गायझेनहाइमवरून काढता येत नाहीत. पद्धत मात्र तयार आहे. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, कोकणासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, आणि तारापूरच्या अणुशक्ती केंद्रामुळे उपकरणे हाताळण्यात व मोजमापातली चूक शोधण्यात मुरलेली माणसे याच परिसरात राहतात. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतली काही झाडे निवडावीत. पावसाळा उतरल्यावर, थंडीत आणि मेअखेरीस अशा तीन वेळी उन्हातल्या व सावलीतल्या पानांच्या वक्ररेषा काढाव्यात. तेथेच तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा नोंदवावा. एका ओळीला पूर्ण आणि शेजारच्या ओळीला मोजून कमी पाणी द्यावे, आणि तोडणीच्या वेळी दोन्ही ओळींचे फळ वेगवेगळे तोलावे. असेच एक खाचर सूर्येच्या चारीच्या टोकाला, जेथे पाणी सर्वांत उशिरा पोहोचते तेथे, निवडावे.